टाळूवरचा गूळ

माझं शिक्षण विचाराल तर मराठी सातवी आणि वर कॉलेजचं एक वर्ष, तेही धड पुरं नाही. कोणाला हसायचं असेल तर हसा. पण त्या एका वर्षात मला जो मास्तर भेटला, तसा सोळा सोळा वर्षं शिकलेल्यांना भेटला नसेल. हे मी कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

कॉलेज म्हटलं म्हणून मोठी इमारत डोळ्यांपुढे आणू नका. गोंदियात एका राइस मिलच्या मागे दोन लांब खोल्या आणि राहायला टिनाचं शेड, एवढंच ते कॉलेज. खेड्यांतल्या शाळांसाठी मास्तर तयार करायचे, दोन वर्षांत. राज्य इंग्रजांचं. पहिल्या वर्षाला आम्ही बावीस होतो, दुसऱ्या वर्षाला अठरा. मिलचा भोंगा झाला की पहिल्या वर्षाच्यांनी उठायचं, विहिरीवरून चाळीस जणांचं पाणी ओढायचं, भात रांधायचा, लाखोरीची डाळ शिजवायची, फळ्याला काजळ फासायचं. दुसऱ्या वर्षाचे तोवर दात घासत उभे राहायचे आणि आमच्या भाताला नावं ठेवायचे. मिलचा कोंडा उडून ताटात यायचा, वहीत यायचा, डोळ्यांत जायचा. अशी ती आमची विद्या.

आणि आठ वाजता, प्रार्थनेच्या आधी, आम्ही बावीस जण तोंड उघडून रांगेत उभे राहायचो.

मिशा फुटलेले लोक आम्ही. तिघांची लग्नं झालेली, एकाला मूल. आणि समोरून आमचे भाषेचे गुरुजी यायचे, हातात पितळी वाटी. वाटीत गूळ. बोटावर वाटाण्याएवढा गूळ घ्यायचा आणि प्रत्येकाच्या टाळूला, अगदी वर, मागच्या बाजूला चिकटवायचा. मग म्हणायचे, "हं. आता जीभ मागं वळवा आणि चाटा. दात लावायचा नाही. चाटता चाटता आवाज काढा."

का, तर आम्हाला ळ म्हणता येत नव्हता म्हणून.

आमच्या झाडीपट्टीच्या तोंडात ळ नाही. होता की नव्हता देव जाणे, पण नाही. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, शाळेला सारा, काळ्याला कारा. लिहिताना बरोबर लिहितो, बोलताना र येतो. गुरुजी पुण्याकडचे. त्यांना हा र ऐकला की दाढ दुखल्यासारखं व्हायचं. खरंच गालाला हात लावायचे. दुसऱ्या वर्षाच्यांनी त्यांचं नाव 'ळ गुरुजी' पाडलं होतं. गंमत अशी की ते नाव पाडणाऱ्यांनाच घेता येत नव्हतं. सगळं कॉलेज त्यांना 'र गुरुजी' म्हणायचं.

माझी त्यांची पहिली गाठ नाव नोंदवायला गेलो त्या दिवशीची. गाव विचारलं, मी चिचगडाच्या वाटेवरचं गाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "जात?"

"कोहरी."

लेखणी थांबली. गालाला हात गेला. "कोहरी नव्हे. कोहळी."

"कोहरी," मी म्हटलं.

"अहो गृहस्थ, कोहळी. ळ."

"गुरुजी, कोहरी मी आहो का तुमी?"

बाजूला उभा असलेला शिपाई खाली मान घालून हसू लागला. गुरुजींनी चष्मा काढला, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "जात तुझी. अक्षर माझं." आणि रजिस्टरात ठसठशीत ळ काढून खाली रेघ ओढली.

तेव्हापासून आमचं लागलं. बाकीचे गूळ गिळून 'हो गुरुजी' म्हणायचे. मी भांडायचो. मला कोणी कारण न सांगता काही करायला लावलं तर माझ्याच्यानं होत नाही, आजही होत नाही. मी विचारायचो, "काऊन गुरुजी?" तर म्हणायचे, "नुसतं 'का' पुरे. वर 'ऊन' कशाला? गोंदियात काय कमी ऊन आहे?" एकदा मी पाण्याची बादली घेऊन निघालो होतो. त्यांनी कुठं म्हणून विचारलं, मी म्हटलं, "विहिरीवर जाऊन राहिलो." तर लगेच, "जाऊन राहिलास? किती दिवसांचा मुक्काम? अंथरूण घेतलंस का?" मीही म्हटलं, "अंथरून तुमी पाठवा, मी जागा पायतो." ते हसले नाहीत, पण पाठ फिरवून गेले तेव्हा खांदे हलत होते.

राहायचे फुलचूरला. तेव्हा ते गावाबाहेर होतं. एक खोली, एक चूल, दोन पेट्या पुस्तकं. रोज पायी यायचे, पायी जायचे. भाताच्या मुलखात राहून ज्वारीची भाकरी खायचे आणि ती ज्वारी मिळवायला बाजार पालथा घालायचे. बायको होती की नव्हती, कोणी विचारलं नाही.

बाजारातलं त्यांचं एक भांडण सगळ्या गोंदियाला माहीत होतं. केळी विकणारी एक म्हातारी होती. गुरुजी तिच्याकडे दर बाजाराला जायचे आणि विचारायचे, "काय आहे?" ती म्हणायची, "केरे." "केळी म्हण, घेतो." "केरेच हायेत." "केळी म्हण." शेवटी म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, "अवो मास्तर, घेनं हाये त घ्या, नाही त रस्ता धरा. तुमच्या बोलीनं का जास्त गोड होतेत?" आणि गुरुजी रिकामी पिशवी घेऊन परत. पावसाळाभर हे चाललं. दुसरी केळीवाली चार पावलांवर बसायची, तिच्याकडे जात नव्हते. मी एकदा म्हटलं, तिच्याकडून घ्या ना. तर म्हणाले, "ती हो म्हणते लगेच. तिच्यात काय अर्थ आहे?"

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा माणूस माझ्यासारखाच आहे, फक्त पलीकडच्या बाजूचा.

भादव्यात मला हिवताप आला. शेडमध्ये एकटाच पडून होतो, बाकीचे वर्गात. गुरुजी रोज मधल्या सुट्टीत यायचे, क्विनाइन द्यायचे, उशाशी बसून काहीतरी वाचायचे. ते वाचन मला कळत नव्हतं, पण आवाज बरा वाटायचा. तापात मी आईला हाका मारत होतो, "बाये वो, बाये वो, डोरा दुखते." मागाहून मला आठवलं तेव्हा मी लाजलो. गुरुजींनी त्या हाका सगळ्या ऐकल्या होत्या. एकही दुरुस्त केली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ते आमच्या गावी आले. मी बोलावलं नव्हतं, त्यांनीच विचारलं, "तुम्ही लोक तळी बांधणारे म्हणतोस, दाखवशील का?" आमच्या आज्यापणज्यांनी बांधलेला तलाव गावाच्या वर आहे. गुरुजींनी चपला काढल्या आणि मातीचा अख्खा बांध अनवाणी चालले. माझ्या बापानं पुढं होऊन सांगायला सुरुवात केली, "ही पार. मातीची. इथं दगड लावला—"

"पाळ," गुरुजी म्हणाले.

"पार."

"पाळ. पार झाडाभोवती असतो."

माझा बाप निरक्षर, पण ऐकून घेणारा नव्हता. बिडी विझवली आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या पुन्याकडे असे तलाव किती हायेत?"

गुरुजी विचारात पडले. "असे? असे नाहीत."

"मंग?"

पुढं ळ निघाला नाही. पाणी सोडायचं तुडुम कसं असतं ते पाहायला गुरुजी धोतर खोचून छातीइतक्या पाण्यात उतरले. वरच्या भोकाची दगडी गुडदी, म्हणजे बूच, हातानं चाचपून पाहिली, खालच्या भोकात पाय घालून पाहिला. माझा बाप बांधावरून ओरडून सांगत होता आणि गुरुजी पाण्यातून शाळेतल्या पोरासारखं "पुढं? पुढं?" विचारत होते. बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. मला म्हणाले, "वर्षाच्या शेवटी तपासणीला साहेब येईल. नमुना पाठ तू घ्यायचास. विषय तळे."

नमुना पाठ म्हणजे कॉलेजला जोडलेल्या शाळेतल्या पोरांना सगळ्यांसमोर शिकवायचं, आणि तपासायला आलेल्या साहेबानं पाहायचं. तो पाठ पास तर दुसरं वर्ष, आणि मग कुठल्या तरी गावची शाळा. आमच्या गावात तोवर कोणी मास्तर झालं नव्हतं. मी त्या पाठासाठी जीव टाकला. आणि भांडण सोडून पहिल्यांदा मनापासून गूळ चाटायला लागलो.

माघात एका सकाळी ळ आला. जीभ वळली, टाळूवर आपटली आणि आला. गुरुजींनी वाटी खाली ठेवली. "पुन्हा." मी म्हटलं, "कोहळी."  गुरुजींनी वाटीतला उरलेला सगळा गूळ माझ्या हातावर ठेवला आणि वर्गात गेले.

पण आलेला ळ जाईना. आता पाहा, आमच्या तोंडात एकच र. त्यांच्या भाषेत दोन अक्षरं. कुठला र खरा आणि कुठल्या र-च्या जागी ळ पाहिजे, हे निवांत बसून ओळखता येतं. घाईत, घाबरल्यावर ओळखता येत नाही. मग मी आपला सगळीकडे ळ ठोकायला लागलो. चुकू नये म्हणून. होळीला गावी गेलो, उंबऱ्यात उभा राहून म्हटलं, "बाये, दाळ उघड." आतून आई म्हणाली, "कायची दाळ? अजून भात नाही सिजला, आत त ये." गुरुजींना सांगितलं तर ते हसत सुटले. म्हणाले, "राहू दे. नवा जोडा आहे, चावेल थोडा. आपोआप बसेल."

ते बसायच्या आत साहेब आला.

साहेब जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा, मराठी समजून घेण्यापुरती. ते साल जंगल सत्याग्रहाचं. आमच्याकडे लोक सरकारच्या जंगलात जाऊन मुद्दाम गवत कापत होते आणि हसत हसत तुरुंगात जात होते. सालेकशाच्या बाजूला तर पोलीस ठाण मांडून होते. साहेबाचं डोकं आधीच तापलेलं.

पाठ मात्र सुरेख चालला. मी फळ्यावर तलाव काढला, पाळ काढली, तुडुम काढलं. तळे म्हटलं, कमळ म्हटलं, जळ म्हटलं. मागे गुरुजी डोळे मिटून उभे, प्रत्येक ळ-ला मान हलायची. पोरं पटापट उत्तरं देत होती. साहेब खुश दिसला. उठून पुढं आला आणि मलाच विचारलं, "अच्छा मास्टर, ये सब तालाब किसने बनवाये? सरकार ने?"

आता हा प्रश्न त्यानं मला विचारायला नको होता.  मी मोठ्यानं म्हटलं, "नाही साहेब. आमच्या आज्यांनी. सळकाळनं एकही नाही."

साहेबाचा चेहरा बदलला. "क्या बोला? फिर से बोलो."

मला वाटलं उच्चार चुकला. म्हणून मी जीभ नीट वळवली आणि सावकाश, स्पष्ट म्हटलं, "सळ-काळ."

पोरं हसली. साहेब लाल झाला. हिंदी कानाला ळ ऐकू येत नाही. त्याला ऐकू आलं ते 'सडा काल'. सडलेला, कुजलेला काळ. "सरकार को सडा काल बोलता है? भरी क्लास में? किसने सिखाया ये?"

मी अभिमानानं बोट दाखवलं. "आमच्या गुरुजींनी."

मला म्हणायचं होतं की ळ त्यांनी शिकवला. पण वर्गात सगळ्यांना भलतंच समजलं. मी सांगतो, आयुष्यात मी पुष्कळ तोंड वाजवलं, पण ते एक बोट मला आजही मागे घ्यावंसं वाटतं.

गुरुजी पुढं आले. "होय साहेब, मीच. याला र आणि ळ मधला फरक अजून पक्का झालेला नाही. तो भाषेचा दोष आहे, मनाचा नाही. दाखवतो." त्यांनी पहिल्या वर्षाच्या बाकी एकवीस जणांना ओळीनं उभं केलं. "एकेक जण म्हणा, सरकार." त्यांचा हिशेब असा की वीस जण सरळ म्हणतील, एखादा माझ्यासारखा अडेल, आणि साहेबाला कळेल.

पहिला म्हणाला, "सळकाळ." दुसरा म्हणाला, "सळकाळ." तिसरा पोवार जातीचा, ज्याच्या तोंडात कधी ळ बसला नव्हता, तोही जीभ ओढून ओढून "सळकाळ." कोणी कोणाला खूण केली नाही. मला एकटं पाडायचं नाही एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात होतं. गाढवांनी मला वाचवायला जाऊन बुडवलं. एकविसावा म्हणेपर्यंत साहेबानं टोपी घातली होती.

त्यानं दोनच वाटा ठेवल्या. एक, मी लेखी माफी मागावी, की सरकारची थट्टा मुद्दाम केली, पुन्हा करणार नाही. म्हणजे माझ्यापुरतं मिटलं. नाही तर हा शिकवणाऱ्याचा दोष समजून गुरुजींवर रिपोर्ट.

दुपारी गुरुजी शेडमध्ये आले. माफीचा कागद त्यांनीच लिहून आणला होता. मोत्यासारखं अक्षर. "सही कर."

मी वाचला. "यात मुद्दाम लिवलं हाये."

"हो."

"मी मुद्दाम नाही केलं."

"मला माहीत आहे. सही कर."

"मंग ही लबाडी झाली, गुरुजी."

"अरे, दोन ओळींची लबाडी आहे. तुझं वर्ष वाचतं."

"अन् तलाव आमच्या आज्यांनी बांधले नाही म्हनू का? तेही लिवा त्यात."

गुरुजी माझ्या वळकटीवर बसले.  मिलचा आवाज येत होता. मी मान वर करून उभा होतो. मला वाटत होतं मी फार मोठं काही करून राहिलो. शेवटी त्यांनी तो कागद फाडला, दुसरा मागितला, पाटीवर ठेवून लिहिला: उच्चार शिकवण्याची माझी पद्धत सदोष आहे, घडल्या प्रकाराला मी जबाबदार आहे. खाली सही केली. मग तो माझ्यापुढे धरला. "सदोषमधला ष नीट पोटफोड्या आलाय ना, बघ." मी म्हटलं, आला आहे.

पंधरा दिवसांत त्यांना काढल्याचा कागद आला. मला मात्र नमुना पाठात पास लिहिलं होतं.

मी फुलचूरला गेलो. पुस्तकांच्या पेट्यांना दोर बांधत होते. मी दारात उभा राहून म्हटलं, "गुरुजी, मीही चाललो. उद्या नाव काढतो."

"का?"

"तुमची नोकरी घालवून मला मास्तर व्हायचं नाही."

दोर तसाच हातात राहिला. त्या माणसाला मी तेव्हा पाहिलं तसं चिडलेलं वर्षभरात कधी पाहिलं नव्हतं. ळ चुकल्यावरही नाही. "तुला विचारलं होतं कोणी? कागद माझा, सही माझी. तुझा काय संबंध?"

"मला नाही पटत."

"साहेबानं माझ्या रिपोर्टात काय लिहिलं, माहीत आहे? यांच्या हातून विद्यार्थी घडत नाहीत. मी म्हटलं, लिहू दे. बावीस जण बावीस गावांत शाळेवर उभे राहिले की ते वाक्य आपोआप खोटं पडेल, कोणाशी भांडायला नको. आता तू जातोस. म्हणजे एकापुरता का होईना, साहेब खरा."

  तरी मी माझा हेका सोडला नाही. त्यांनी दोर ओढून गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या पाठीला नमस्कार केला आणि गावाची वाट धरली.

बाकीचे एकवीस मास्तर झाले. त्यांतल्या एकानं पुढं मला सांगितलं की मी नाव काढायला गेलोच नाही, तर ते हजेरीत महिनाभर तसंच होतं. रोज पुकारायचे, रोज गैरहजर लिहायचे. गुरुजी गाडीत बसायच्या आधी हेडमास्तरांना सांगून गेले होते, "काढू नका इतक्यात. आठ दिवस राग असतो त्याला, मग येईल."

मी गेलो नाही.